भूकंपाच्या टेबलाखाली

"आता मागे सरका आणि टेबलाकडे बघा," ताईने पुन्हा एकदा सांगितलं. एकानेही ऐकलं नाही.

विज्ञान केंद्रातलं भूकंपाचं टेबल तिच्याकडे होतं. मुलांनी त्यावर ठोकळ्यांची घरं रचायची, तिने बटण दाबायचं, आणि टेबल हादरल्यावर कोणतं घर टिकलं, का टिकलं ते समजावून सांगायचं. पण आजची मुलं प्राणी आणि निसर्गाच्या शक्तींवरचं एक पुस्तक वाचून आली होती. भूकंपाची चाहूल प्राण्यांना आधी लागते असं म्हणतात, हे एकच वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यातलं 'म्हणतात' मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. घरं कधीची रचून झाली होती आणि सगळी वरात कानाकोपऱ्यांत वाकून मुंगी, पाल, झुरळ, जे सापडेल ते शोधत होती. त्यांच्या बाई खिडकीपाशी फोनवर बोलत होत्या.

खाली दुसरी शाळा येऊन थांबली होती. मॅनेजर दारातून डोकावून घड्याळाकडे बोट दाखवून गेला. ताईचं कपाळ ठणकत होतं. बघायचं त्यांनी बघावं, असं ठरवून तिने बटणावर बोट ठेवलं.

"थांबा," टेबलाखालून आवाज आला. चष्मा लावलेली एक मुलगी तिथे पालथी पडली होती. "इथे उंदीर आहे. पिल्लंपण आहेत."

ताई चरफडत गुडघ्यांवर बसली. मोटरला लागून, कुरतडलेल्या फोमच्या खळग्यात गुलाबी पिल्लं वळवळत होती. त्यांच्यावर उंदरीण अंग पसरून बसली होती. हीच ती. हिनेच मागे वायर तोडली होती, भर कार्यक्रमात टेबल बंद पडलं होतं आणि बोलणी खाल्ली होती ताईने. लावलेल्या पिंजऱ्याकडे मात्र हिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"हिला तर काहीच कळलं नाही," एक मुलगा हिरमुसून म्हणाला.

भूकंप सांगून येत नसतो, त्यामुळे कुणालाच कळत नाही, असं ताईने जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं.

"पण तुमचा तर सांगून येतोय," चष्मेवाली म्हणाली. "तुम्हाला माहितीये ना, आत्ता येणारे ते?"

ताईला रागच आला. उठून तिने भिंतीतला प्लग उपटला. मुलांना दामटून पलीकडच्या भिंतीशी बसवलं, दिवे मालवले, आणि आता जो हूं की चूं करेल त्याला बाहेर काढीन, असा दम भरला. बाईंनाही फोन ठेवायला लावला.

तेवढ्यात मॅनेजर आलाच. खाली लोक खोळंबलेत, अंधार कशाला केलाय, पुन्हा वायर गेली की काय, असं त्याने दारातूनच विचारलं.

"वायर नाही," ताई म्हणाली. "बाळंतीण आहे आत."

तो काही बोलायच्या आत तिने दार लोटलं आणि पाठ लावून उभी राहिली.

बराच वेळ काही हललं नाही. मग टेबलाखालून उंदरीण बाहेर आली. तोंडात पिल्लू होतं. भिंतीच्या कडेकडेने ती पळत गेली, कपाटामागे दिसेनाशी झाली आणि रिकामी परत आली. दुसरं नेताना मध्येच थांबली, पिल्लू फरशीवर ठेवलं, नीट धरून पुन्हा उचललं. सकाळपासून जी मुलं क्षणभर गप्प बसली नव्हती, ती श्वास रोखून बघत होती.

दुसऱ्या शाळेचा गलका जिना चढून वर आला. दारावर थापा पडायला लागल्या. ताईने पाय रोवले.

"आटप गं बाई," ती दातओठ खात पुटपुटली. "एकेकच काय नेत बसलीस."