बिनभिंतीचं घर

रस्ता ओलांडायला ती समोरच्या फुटपाथवर उभी होती. एका हातात बर्फाची पिशवी, दुसऱ्या हातात सोड्याच्या बाटल्या. पाहुणे दारात आणि घरात बर्फ नाही म्हणून नवऱ्यानं तिला पिटाळलं होतं. पलीकडे, घरापुढच्या हिरवळीवर, तो पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर उभा राहून आपला लाडका कार्यक्रम करून दाखवत होता. तिला तो तोंडपाठ होता.

"भिंत घातली की घराचं तोंड झाकलं गेलंच म्हणून समजा," तो म्हणत होता. तो आर्किटेक्ट होता आणि पाहुणे म्हणजे त्याच्याकडून बंगला बांधून घ्यायला निघालेलं जोडपं. "म्हणून घराभोवती, हिरवळीच्या कडेनं, वीतभर खोल वायर पुरलीय. कुत्रं जवळ गेलं की गळ्यातला पट्टा आधी टिटटिट करतो. तरी नाहीच ऐकलं, तर बारीकसा झटका. झटका कसला, चापटी म्हणा."

त्यानं रस्त्याच्या दिशेनं चेंडू भिरकावला. त्यांचा कुत्रा भुऱ्या सुसाट धावला आणि कडेच्या अलीकडे खिळल्यासारखा थांबला. शेपूट पोटाखाली. चेंडू घरंगळत गटारात गेला. गिऱ्हाईक खूश होऊन हसलं. त्याची बायको हसली नाही.

"थरथरतोय का हो तो?" तिनं विचारलं.

"आनंदानं," आर्किटेक्ट म्हणाला.

फुटपाथवर तिच्या ओठांशी एक शिवी आली. लग्नाआधी तिला शिव्या येत नव्हत्या. नंतर मनातल्या मनात बऱ्याच शिकून झाल्या होत्या. ती गिळून ती रस्त्यात उतरली, आणि वळणावरून भरधाव आलेल्या स्कूटरनं तिला ओझरतं उडवलं. बाटल्या फुटल्या. ती गुडघ्यावर आपटली. स्कूटरवाला मागे न बघता पसार झाला.

ती ओरडायच्या आत भुऱ्या निघाला होता. पट्टा टिटटिटला, तो थांबला नाही. कडेवर त्याचं अंग हवेतच वाकडं झालं, तो केकाटला आणि केकाटतच रस्त्यात आला. काचांमधून वाट काढत तिच्यापाशी पोचला आणि तिचं तोंड चाटायला लागला.

"भुऱ्या! आत! आत म्हणतो ना!" नवरा ओरडला.

त्यानं हाक मारली ती कुत्र्याला. ती वाट बघत राहिली. दुसरी हाक आली नाही.

पाहुणी ताडकन उठली तेव्हा मात्र तो बोलला. "तुम्ही बसा हो. उठेल ती. वेंधळीच आहे जरा."

पाहुणी बसली नाही. ती धावत रस्त्यात आली, पर्समधला रुमाल काढून तिनं गुडघ्याला घट्ट बांधला आणि हात देऊन तिला उभं केलं. दोघी लंगडत, सावरत हिरवळीवर आल्या. भुऱ्या मागोमाग आला आणि कडेशी थबकला. एक पाय पुढे टाकला. टिटटिट. तो झटकन मागे सरला, कण्हत हिरवळीलगतच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालू लागला.

"बंद कर ते," ती नवऱ्याला म्हणाली. "आत येऊ दे त्याला."

"बंद केलं की सगळी मेहनत पाण्यात. हद्द ओलांडली ना त्यानं? मग आता झटका खाऊनच आत यायचं. त्याशिवाय डोक्यात शिरत नाही."

"म्हणजे बाहेर गेलं तरी शिक्षा, आणि घरी परत आलं तरी शिक्षाच?" पाहुणीनं विचारलं.

"यंत्रणाच तशी आहे," तो म्हणाला. खिशातून रिमोट काढून त्यानं झटक्याचा आकडा वाढवला आणि कुत्र्याला चुचकारू लागला. "ये, राजा. ये, ये. शहाणा ना तू?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. कडक इस्त्रीचा शर्ट, वाकलेली कंबर, तो लाडिक आवाज, आणि बटणावर तयार ठेवलेला अंगठा. इतकी वर्षं तिला या माणसाची भीती वाटत आली होती. आज ती शोधूनही सापडेना. रागसुद्धा आला नाही. चपलेला काही चिकटलं की माणूस खाली बघतो, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं.

मग ती परत फुटपाथवर गेली. दुखरा गुडघा टेकून तिनं भुऱ्याच्या गळ्यातला पट्टा सोडला. तो सहजी निघेना. केसांना चिकटला होता. खाली कातडी उघडी पडली होती, आणि पट्ट्याचे झटका देणारे दोन खिळे जिथे टेकत होते, तिथे दोन ओल्या जखमा होत्या. पट्टा तिनं तिथेच टाकला.

"अगं, इम्पोर्टेड आहे तो!"

"चल रे," ती कुत्र्याला म्हणाली आणि हिरवळीवर जाऊन तिनं हात पुढे केला. भुऱ्या कडेपर्यंत आला. तिच्या हाताकडे बघितलं, गवताकडे बघितलं, आणि बाहेरच खाली बसला. तिनं पुन्हा बोलावलं नाही. तीच बाहेर आली.

"डॉक्टरकडे जाऊ आपण," ती त्याला म्हणाली. तो लगेच उठला.

"कुठे निघालीस?" नवरा कडेपर्यंत आला. "पाहुण्यांचं काय?"

"बर्फ रस्त्यात पडलाय. उचलून घाल त्यांना."

दोघं फुटपाथनं निघाली. ती लंगडत होती, म्हणून भुऱ्याही हळू चालत होता. ना साखळी, ना दोरी. मागे नवऱ्यानं घसा खाकरला. त्याचा पाहुण्यांशी बोलायचा आवाज परत आला होता, गोड आणि समजूतदार.

"मनावर घेऊ नका. असं होतं कधीकधी. कितीही शिकवा, शेवटी जनावरच ते."

ते ऐकू येण्याइतकी दोघं अजून जवळ होती. दोघांपैकी कुणीच मान वळवली नाही.