मधली खुर्ची

अमेरिकेतल्या मिलवॉकीत एकटेच राहणारे एल्मरकाका गुडघे कुरकुरत असूनही बेसबॉलच्या प्रत्येक सामन्याला रांगेच्या मधोमध बसत. विक्रेता रांगेच्या टोकाशीच थांबे. मग शेंगदाण्यांची पुडी, गरम सॉसेज, सगळं कीर्तनानंतरच्या प्रसादासारखं हातोहात पुढं जाई, आणि काकांच्या हातून तर जाईच.

मोसमाचा शेवटचा सामनाही संघ हरला. लोक उठले, काका मात्र डोळे पुसत बसून राहिले.

"रडता काय काका, ह्या मेल्यांना हरायची सवयच आहे!" शेजारची डार्लीन म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी कडेची जागा घ्या बघू. लोकांच्या पुड्या पोचवताना स्वतःचा घास तरी सुखानं गिळता येतो का?"

काका रिकाम्या होत चाललेल्या रांगेकडे बघून हसले.


आता थेट एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू होईपर्यंत त्यांच्या हाताला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नव्हता.