कुवेतची डिस्को तबकडी
रविवारी सकाळी अकरा वाजता मनस्वीनं रोह्यात इलियासचाचांच्या ओटीवर प्लेअर मांडला. अनवट डिस्को गाणी जमवताना तिला पेणच्या भंगारात तबकडी सापडली होती. पाकिटावर संगीतकार म्हणून चाचांचं नाव. चाचांचा चेहरा उतरला. तरुणपणी कुवेतमध्ये केलेला हा उद्योग त्यांनी बायकोपासून लपवला होता. "हळू लाव गो," ते म्हणेपर्यंत सुई टेकली. डिस्कोचा ठेका, त्यावर बाईचा आवाज: "कौलं फुटलीत, म्हस आटली, तुमी येनार कधी? येनार कधी?" तेव्हा कुवेतला घरची पत्रं कॅसेटवर बोलून यायची, चाचांनी त्यातलंच एक तालावर चढवलं होतं. रिझवानाचाची पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "ह्यो माझा आवाज हाय!" चाचा चपला शोधू लागले. "तुमी बसा हितं! पोरी, परत लाव." दुपारचे दोन वाजलेत. तबकडी फिरतेय, चाचींचा पाय ठेका धरतोय. चाचांना अजून कुणी वाढलेलं नाही.