पहिली ओळ

नतालीन डिमेलो चाळीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गायली. आवाज थकल्यावर ती वसईला, आईच्या पश्चात बंद पडलेल्या घरी परतली. गावात तिला ओळखणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

शेजारी लग्न निघालं. नवरीला नारळाचं दूध लावायला बायका मांडवात जमल्या, नतालीनही गेली. म्हातारी सावरीन नतालीनला म्हणाली, "तू रोझीनची पोर ना? मग तूच सुरू कर. लग्नाचं पहिलं गाणं तुझी आईच उचलायची."

सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. तिला शेकडो इंग्रजी गाणी तोंडपाठ होती. आईची गाणी मात्र लहानपणी गावठी वाटली होती. सतराव्या वर्षी घर सोडलं, तोवर एकही शिकली नव्हती. तिनं तोंड उघडलं, पण शब्दच आले नाहीत.

"राहू दे, बाय," सावरीन हळूच म्हणाली आणि कापऱ्या आवाजात स्वतःच गाऊ लागली. बायकांनी सूर धरला.

नतालीन सर्वांच्या मागे जाऊन बसली.

"मावशी, तुम्ही गाता?" बाजूच्या नव्या सुनेनं विचारलं.

"नाही गं. माझी आई गायची."