गल्लीच्या टोकाचं घर

"पुसून टाकायच्या आधी मला एकदा खेळू तरी दे," बाबा म्हणाले.

धाकटीचा हात थबकला. आठ महिने औषधांच्या दुकानातली नोकरी सांभाळून ती कॉम्प्युटरवरचा गेम बनवायला शिकत होती, आणि आज, रविवारी दुपारी, ते सगळं कायमचं पुसायला बसली होती. घरात तिला आरंभशूर म्हणत. आता तिलाही ते पटलं होतं, आणि पटल्याचं वाईट वाटत होतं.

तिने बाबांच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर लॅपटॉप. प्लास्टरमधला पाय जपत ते सरळ बसले. पस्तीस वर्षं पोस्टमन म्हणून गल्ल्या तुडवलेला माणूस दीड महिना खाटेला खिळला होता.

"काही नाहीये हो त्यात. एक गल्ली आणि एक घर. बाणाच्या बटणांनी चालायचं, या लांब बटणाने दार वाजवायचं."

पडद्यावरच्या निळसर धुक्यात बोटभर माणूस चालू लागला. बाबा त्याला पळवतील असं तिला वाटलं होतं, पण ते रमतगमत निघाले. झाडापाशी थांबले. खोलीत पंख्याचं वारं होतं आणि पडद्यावर पानं हलत होती. क्षणभर दोन्हीकडचं वारं एकच आहे असं वाटलं. चादरीखाली बाबांच्या धडक्या पायाची बोटं हलत होती.

गल्लीच्या टोकाला घर आलं. खिडकीत पिवळा उजेड. बाबांनी बटण दाबलं. टक टक. दार ढिम्म हललं नाही.

"इथेच घोडं अडलंय," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. काय काय करून पाहिलं, उघडतच नाही. मला नाही जमायचं हे, बाबा. द्या इकडे."

बाबांनी लॅपटॉप दिला नाही. "आत दिवा आहे ना?"

"तो मी उगाच लावलाय. आत कुणी नाही."

"दिवा आहे म्हणजे कुणीतरी असणार." ते दाराकडेच बघत होते. "लगेच कुठे दार उघडतं गं? कुणी अंघोळीला गेलेलं असतं, कुणाला चपला सापडत नाहीत. आपण कंटाळून निघावं, चार घरं पुढे जावं, आणि मागे कडी वाजते. फार चुटपुट लागायची."

"म्हणून?"

"म्हणून उभा आहे. तू तुझं कर सावकाश. मला कुठे जायचंय?"

धाकटीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ती खाटेच्या कडेला टेकली, लॅपटॉप थोडा आपल्याकडे वळवला आणि गल्लीच्या शेजारी, अर्ध्या पडद्यावर, दारासाठी लिहिलेल्या कोडच्या ओळी उघडल्या. तीन आठवडे ती नुसत्या दाराशी झटत होती. ते उघडायला आतून कोण येणार, हे तिने कधी ठरवलंच नव्हतं. ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

बाबांचे डोळे मिटत आले होते, पण बोट बटणावरच होतं. टक टक.

"आले हं, आले," धाकटी म्हणाली.