चेंडू मागच्याले

सुभेदार साहेबांच्या पत्राला खेमराजनं उत्तर दिलं नव्हतं. ‘पुण्याला ये,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पलटणीच्या पोरांना रगबी शिकवायला माणूस हवा आहे. राजकारणात तुझं काय काम?’

दिवाळीपासून खेमराजही स्वतःला तेच विचारत होता. कारगिलहून तो खांद्यात छर्रे घेऊन परतला. पुढं गावानं त्याला हट्टानं पंचायत समितीवर निवडून पाठवलं. तिथं त्याचं तोंडच उघडत नसे. आज रब्बीच्या पाण्याच्या सभेतही गप्प बसलो, तर सरळ पुण्याची गाडी धरायची, असं त्यानं ठरवलं होतं.

त्याचं गाव चोरखमाऱ्याच्या कालव्याच्या शेपटाला. वरच्या गावांचं भिजून उरलं तर इथं पाणी. उरत कधीच नसे.

“शेपटवाल्यानं यंदा धानाचा नाद सोडावा,” वरच्या गावचा मुन्नालाल खुर्चीत रेलून म्हणाला.

खेमराज उठला.

“बस फौजी, बस! तुले का समजते रब्बीतलं?”

“काऊन नाही समजत?” मागून दुलारीकाकी कडाडली. “आमचा खेमराज फौजेत रब्बीच खेळून राहिला होता! कप आणला त्यानं!”

सभा हसून लोळली. पाटबंधाऱ्याचे साहेबसुद्धा हसले. रब्बी नाही काकी, रगबी, हे खेमराज गेली दहा वर्षं गावाला सांगत आला होता. आत्ताही ते ओठांवर आलं. पण काकी हसणाऱ्यांकडे मान ताठ करून बघत होती. त्यानं शब्द गिळला.

“बरोबर आहे काकीचं,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. “रब्बीच खेळलो. चेंडू घेऊन पुढं पळा लागते, पण द्या लागते मागच्यालेच. पुढच्याले दिला का पंच शिटी मारते. मुन्नालालभाऊ, इथं कोणी शिटी मारली नाही आजवर. मी मारून राहिलो. यंदा पाणी शेपटापासून.”

“नाही दिलं तं?”

खेमराज तडक कालव्यावर गेला आणि वरच्या गावांच्या पाटाच्या बंद दारापुढं उभा राहिला. मागोमाग त्याचं गाव आलं. त्यानं एकेकाला रगबीतल्यासारखं खांद्यात खांदा अडकवून, डोकं खाली घालून वाकवलं. दार उघडायला आलेल्या मुन्नालालच्या माणसांनी रेटून पाहिलं. दम लागेपर्यंत रेटलं. भिंत हलली नाही. शेवटी पाटबंधाऱ्याच्या साहेबांनीच सांगितलं, वरची दारं बंद राहू द्या, आधी शेपूट भिजू द्या.

दुलारीकाकीच्या धानाच्या बांधीत पाणी शिरलं त्या सकाळी खेमराज तिरोड्याला गेला आणि एक पोस्टकार्ड पेटीत टाकून आला.

‘साहेब, येत नाही. इथं रब्बी सुरू आहे. संघ नवा आहे, पण रेटा चांगला देतो.’