वीतभर वरची टिकली

पाडव्याच्या सफाईत सारिका खिडकीची काच ओल्या पेपरानं घासत होती. "रोहिणी पुसे तं काच दिखेच नही," असं तिचा नवरा हेमराज सकाळीच म्हणाला होता. मरून दोन वर्षं झाली, तरी सवत घरातून हलत नव्हती.

रोहिणीनं कधीकाळी आंघोळीआधी काढून लावलेली लाल टिकली अजून काचेवर होती, सारिकाच्या कपाळाहून वीतभर वर. रोहिणी चांगलीच उंच होती म्हणे.

सारिकानं चवड्यांवर उभं राहून नखानं खरवडलं, पण टिकली बाहेरून होती. ती अंगणात गेली, तर टिकली आतून होती.

चरफडत ती परत आत काचेपाशी आली. तेवढ्यात हेमराज फाटकातून आला आणि काचेकडे बघून हसला. असा तो सारिकाकडे बघून कधीच हसला नव्हता.

आत्ताही तो तिच्या डोक्यावरून बघत होता. टिकलीच्या जरा खाली, जिथं डोळे असतात तिथं.